फ्री टाइमचा फोन

पाच देश, दहा दिवस आणि एक बस. आमच्या झोयाने ही बाल्कनची टूर आम्हा दोघांना न विचारताच बुक केली. झोया आमची एकुलती एक मुलगी, सौदीतच खमीस मुशैतला असते. जावई तिथल्या एका हॉस्पिटलात आहे. तिचं म्हणणं असं, की अब्बांनी एकतीस वर्षं जेद्द्यात बलदच्या जुन्या बाजारातल्या गल्लीत बसून दुसऱ्यांना प्रवासाच्या बॅगा विकल्या, आता घरी परत जाण्याआधी एकदा स्वतः बॅग घेऊन फिरावं. मी दाभोळहून व्हिजिट व्हिसावर आले होते ती ह्यांचं सामान आवरायला. टूरहून परतलो की ह्यांचं फायनल एक्झिट लागणार होतं. म्हणजे इकामा, तिथला राहण्याचा परवाना, रद्द, सौदी बंद आणि माणूस कायमचा घरी.

गावात सगळ्यांनी मला मुबारकबाद दिली होती. "सुटलीस गो शरीफा एकदाची," असं शेजारणी म्हणाल्या, आणि मी हसलेही. पण मनातून मला ते नको होतं. का, ते मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

आमचं लग्न झालं तेव्हा हे सुट्टीवर होते. चाळीस दिवस राहिले आणि गेले. त्यानंतर दर दोन वर्षांनी दोन महिने. तेसुद्धा कसले दोन महिने! घरात सकाळपासून माणसं. कुणाला व्हिसा हवा, कुणाला घड्याळ हवं, कुणाच्या मुलीचं लग्न. हे पाहुण्यासारखे यायचे आणि पाहुण्यांतच राहायचे. आमचा संसार झाला तो आवाजावर. आधी कॅसेटी भरून पाठवायचो. मग शुक्रवारी गावातल्या पीसीओवर जाऊन फोनची वाट बघायची. मग मोबाइल, मग इमोच्या अ‍ॅपवर. व्हिडिओ ह्यांना आवडत नाही. रोज दुपारी नमाज झाली की दुकानात गिऱ्हाईक कमी, तेव्हा फोन. मी फोन खांद्यात धरून तिसऱ्यांच्या शिंपल्या निवडायची आणि हे तिकडून सांगायचे, आज एका हाजीने अठ्ठेचाळीस किलोची बॅग भरून आणली, त्याला रडवून कशी अर्धी रिकामी केली. मी इतकं हसायची, की तिसऱ्या निवडायच्या राहून जायच्या. सासूचं जाणं, झोयाचा टायफॉइड, माझं ऑपरेशन, सगळं त्या आवाजाला सांगून मी तरून गेले. त्या माणसावर माझं प्रेम होतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तर टूर. आम्ही पस्तीस जण, सगळे सौदीत काम करणारे हिंदुस्थानी. आमचा टूर लीडर जमालुद्दीन, मालेगावचा. साराएवोला विमानातून उतरल्याबरोबर त्याने प्रत्येकाला तिकडचं सिम दिलं, गळ्यात अडकवायला कार्ड दिलं आणि नियम सांगितला, की बसमध्ये सीट नवरा-बायकोची शेजारी-शेजारीच, रोज दोन रांगा पुढे सरकायचं. कुणी भांडायचं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सहाव्या रांगेत बसलो. मी खिडकीशी, हे माझ्या उजव्या हाताला. बस सुटली. अर्ध्या तासाने हे म्हणाले, "पाणी हवा?"

मी म्हटलं, "नको."

संध्याकाळपर्यंत आमचं बोलणं एवढंच.

दुसऱ्या दिवशी मोस्तारच्या वाटेवर नदी इतकी हिरवी होती, की बसमधले सगळे ओरडायला लागले. मी ह्यांच्याकडे वळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि समोर तो चेहरा. पांढरी दाढी, चष्म्याचे ठसे पडलेलं नाक, कानातून डोकावणारे केस. मला एकदम अवघडल्यासारखं झालं. हा कोण माणूस, असं वाटलं. परक्या पुरुषाशी बोलावं तसं मी पदर सारखा केला आणि पुन्हा खिडकीकडे वळले. हेही तसबीह काढून मणी ओढायला लागले. टक, टक, टक. त्या आवाजाने माझं डोकं उठलं.

आमच्या पुढच्या रांगेत यान्बूच्या पेट्रोकेमिकलमधला एक इंजिनियर होता, नाशिकचा चैतन्य, आणि त्याची बायको मुग्धा. ती दोघं अखंड बोलायची. भांडायचीसुद्धा. ह्यांनी तिच्या बॅगेची अडकलेली चेन मेणबत्ती घासून सरळ करून दिली, तेव्हापासून मुग्धा ह्यांना काका म्हणायला लागली. बसमधल्या प्रत्येकाच्या बॅगेची मूठ हे उचलून बघायचे, चाक फिरवून बघायचे आणि न मागता दुरुस्त करून द्यायचे. लोक म्हणायचे, "चाची, चाचा तो हीरा हैं." मी मान डोलवायची. हिराच होता. पण दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसून काय बोलावं, हे मला सुचत नव्हतं.

चौथ्या दिवशी कोटोरला बस गावाच्या तटाबाहेर थांबली. जमालुद्दीन म्हणाला, "दीड घंटा फ्री टाइम, फिर यल्ला, निकलना है!" ह्यांचा गुडघा दुखत होता म्हणून हे बसमध्येच राहिले. मी बायकांबरोबर आत गेले. गाव दगडी, गल्ल्या अरुंद आणि जिथे बघावं तिथे मांजरं. बायका दुकानांत शिरल्या. मी एका पायरीवर बसले. एवढ्यात फोन वाजला.

"खय हायस?"

"मांजरांत," मी म्हटलं.

तिकडून हे हसले. तेच हसणं, आधी नाकातून आणि मग मोकळं. माझ्या अंगावरून काहीतरी सरसरून गेलं.

"किती मांजरां?"

"मोजतंय. नऊ. एक तुमच्या नसरुद्दीनसारखा बसलाय, पोट पुढे काढून."

नसरुद्दीन म्हणजे ह्यांच्या दुकानातला माणूस, ह्यांच्यानंतर दुकान सांभाळणार होता तो. मग हे त्याच्याबद्दल बोलले. मग कफिलाबद्दल, म्हणजे ज्याच्या नावावर ह्यांचा व्हिसा त्या अरब मालकाबद्दल. मग त्या हिरव्या नदीबद्दल! ती बघताना ह्यांना आमची खाडी आठवली होती, ह्यांच्या बापाची होडी आठवली होती. माझ्यापासून वीतभर अंतरावर बसून हा माणूस ते सगळं आठवत होता आणि मला वाटलं होतं, मणी मोजतोय. मीही बोलले. एक तास कधी गेला ते कळलं नाही. जमालुद्दीनची शिट्टी ऐकली तेव्हा फोन कानाला लावूनच मी बसकडे चालत आले. दारात आल्यावर हे म्हणाले, "चल, ठेवतंय." मी चढले, ह्यांच्याशेजारी बसले. ह्यांनी पाय आवरून मला जागा दिली.

"पाणी हवा?" हे म्हणाले.

मग रोज तसंच झालं. अल्बानियात, ओह्रिडच्या तळ्यावर. मी फ्री टाइमची वाट बघायला लागले. हे गुडघ्याचं निमित्त करून बसमध्ये राहायचे, मी बाहेर एखादा बाक शोधायची. मुग्धाने एकदा विचारलं, "काकू, एवढं कुणाशी बोलता?" मी म्हटलं, "घरी." दुरून डोंगर साजरे म्हणतात. तिथे तर सगळेच डोंगर होते, पण मला ते एकदाही दिसले नाहीत.

ओह्रिडच्या फोनवर मी धीर करून विचारलं, "आयका, घरी येल्यावर आपला कसा व्हायचा? आपण तर बोलतच नाय."

हे म्हणाले, "त्यात काय! तू माडीवर रव, मी खाली रवतंय. दुपारी फोन करीन."

मी हसले. मग रडू आलं म्हणून खोकल्याचं नाटक केलं. मला वाटलं, ह्यांनाही तेच कळलंय. ह्यांनाही तीच भीती वाटतेय आणि थट्टेत सांगताहेत.

उरलेले दिवस मी त्याच विचारात काढले. बेलग्राडला काय बघितलं, मला आठवत नाही. मला माझं घर दिसत होतं. पहाटेच्या नमाजला उठून अंगण झाडणारी मी, बचत गटाच्या बायका, माझा रेडिओ, माझा आरसा. आणि त्यात पडवीतल्या खुर्चीवर बसलेला, दिवसभर न बोलणारा एक पाहुणा, जो दोन महिन्यांनी जाणार नाही. हळूहळू मला त्याच्या खाकरण्याचा राग येईल. त्याच्या मण्यांचा तर आताच येत होता. आणि दुपारी फोन वाजणार नाही. ज्या माणसाला मी तीस वर्षं सगळं सांगत आले तो माणूस घरी आला, की मरणार होता. मला विधवा व्हायचं नव्हतं.

जेद्द्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी ह्यांनी खोलीतलं सामान बांधायला घेतलं. हे काम ह्यांच्याइतकं नीट कुणाला येत नाही. तीन खोके बांधून झाले होते. प्रत्येकावर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव आणि गाव. चौथ्याला हे दोरी आवळत होते, एक गुडघा खोक्यावर टेकवून. दोन दिवसांनी कफिलाकडे जाऊन फायनल एक्झिटचं सांगायचं होतं. मी दारात उभी राहिले. तिथून फोन करावा, असं मनात आलं होतं. पण एवढी मोठी गोष्ट तरी तोंडावर बोलावी असं मला वाटलं.

"आयका," मी म्हटलं. "तुमी येव नका."

ह्यांनी मान वर केली. "खय?"

"घरी. इकडंच रवा. अजून दोन वर्सां, चार वर्सां. फोनवर आपला बरा चाललाय. घरी येल्यावर सगळा मोडंल. तुमच्याबी मनात तेच हाय, मना माहीत हाय."

ह्यांनी गुडघा खोक्यावरून खाली घेतला. दोरीचं टोक हातात तसंच होतं. आणि मग तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून, समोरासमोर, हे बोलले. आवाज अगदी हळू होता.

"माज्या मनात तसा नव्हता, शरीफा. मना वाटलेला, हळूहळू जमंल. गिऱ्हाईक पयल्या दिवशी दुकानात येतो तो बोलत नाय. बॅगा बगतो, जातो. आठ दिवसांनी परत येतो, तवा बोलतो. मी म्हटला, घरी गेल्यावर आपल्याला दिवस रगड हायत." मग दोरी खाली ठेवून म्हणाले, "बसमधी तू खिडकीशी निजलीस ना, तवा तुजा डोका माज्या खांद्यावर येयाचा. मना बरा वाटायचा. मी हालत नव्हतो."

मला हे माहीत नव्हतं. मी झोपले होते, मला कसं माहीत असणार? उठायची तेव्हा माझं डोकं खिडकीवर असायचं. बस थांबायच्या आधी ह्यांनीच ते उचलून तिकडे टेकवलं असणार, मी लाजेन म्हणून.

"रागान बोलतंस?" ह्यांनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं. तेवढंच तोंडातून निघालं. मी चुकले, या, आजच चला, असं सांगायचं होतं. समोर तो चेहरा होता आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

"बरा," हे म्हणाले.

त्यानंतर माझ्या विमानाला तीन दिवस होते. मी वाट बघत राहिले. हे भांडतील, चिडतील, म्हणतील घर काय तुझ्या बापाचं आहे काय. माझ्यावर हात जरी उगारला असता तरी मी पाय धरले असते. ह्यांनी खोक्यांवरची दोरी सोडली, कपडे पुन्हा कपाटात लावले. नसरुद्दीनला सांगितलं, अजून थोडे दिवस मीच बघतो. नसरुद्दीनचं तोंड उतरलं. झोयाचा फोन आला तेव्हा तिला म्हणाले, "माजाच जीव नाय लागायचा गो गावाला. अम्मीवर ओरडू नको." मी फोन हातात घ्यायच्या आधीच तिने तो ठेवला. तिला वाटलं, अब्बांनी अम्मीला फसवलं, आणि ती माझ्यासाठी रडत होती.

विमानतळावर ह्यांनी माझी बॅग काट्यावर ठेवायच्या आधी हाताने उचलून बघितली. "बावीस," म्हणाले. काट्यावर बावीसच आली. मग खिशातून इकाम्याचं कार्ड काढून मला दाखवलं, मुलं निकाल दाखवतात तसं. कफिलाने दोन वर्षांसाठी नवं करून दिलं होतं. तीस वर्षांत ह्यांनी माझा एकही शब्द मोडला नव्हता. हाही मोडला नाही.