सूतगिरणीतल्या शॉटची परवानगी

माझ्या पोटच्या पोरीने मला ईमेलमध्ये "आदरणीय महोदया" असं लिहिलं! आधी हसू आलं, मग डोकंच फिरलं. मी आमच्या ह्यांना हाक मारली. ह्यांचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे काहीही डोळ्यांजवळ धरून तपासायची सवय. त्यांनी माझा फोन नाकाला टेकवून वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे की. तूच शिकवलंस."

शिकवलं होतं खरं. मी कॅमेरा चालवते. एकदा एका जाहिरातवाल्याने माझं चित्रण न विचारता वापरलं, तेव्हा त्याच्या ऑफिसात जाऊन मी त्याला असं फैलावर घेतलं की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे उभे राहिले. भिंगरी तेव्हा शाळेत होती. ऊठसूट तिला सांगायचे, दुसऱ्याच्या शॉटला हात लावायचा तर आधी परवानगी, मग कात्री.

भिंगरी म्हणजे आमची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. आणि धंदा निवडला एडिटिंगचा, जिथे दिवसभर खुर्चीला चिकटून राहावं लागतं! आता तिला समुद्रापलीकडच्या एका स्टुडिओत नोकरीची संधी होती. त्यासाठी ती डेमो रील बनवत होती, म्हणजे आपल्या कामातले उत्तम तुकडे जोडून केलेली छोटीशी फिल्म. त्यात तिला माझा सूतगिरणीतला शॉट हवा होता, म्हणून सहीसाठी परवानगीपत्र जोडलेली ती ईमेल.

तो शॉट असा. वीज जाते. सूत कातणाऱ्या शेकडो चात्या गरगरता गरगरता मंदावतात, थांबतात. इतका वेळ त्या गोंगाटात नुसत्या ओठांवरून एकमेकींचं बोलणं ओळखणाऱ्या बायकांना एकदम आवाज ऐकू येतात. एक जण फिसकन हसते. ती फिल्म मी पदरमोड करून केली होती, त्यामुळे हक्क माझेच. एडिट भिंगरीने केली. आम्हा दोघींनी मिळून केलेलं तेवढंच एक काम. मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली आणि तिचं घरी येणं म्हणजे उंबराचं फूल झालं.

"हो" लिहायला मला किती वेळ लागला असता? पण "हो" म्हटलं की काम संपलं, आणि काम संपलं की पोरगी भुर्रकन उडाली. म्हणून मी लिहिलं, "किती सेकंद वापरणार?"

लगेच उत्तर आलं. "नऊ."

इतकं चटकन तिने मला कधी उत्तर दिलं होतं, आठवेना! मला चटकच लागली. आवाजासकट की नुसतं चित्र? रील कुठे कुठे दाखवणार? माझं नाव शॉटखाली की शेवटी? त्या बायकांचे चेहरे दिसतात, त्यांच्या संमतीचं काय? ("तेव्हाच घेतली होतीस आई, तुझ्याकडेच आहे.") दर वेळी वाटायचं, आता कंटाळून म्हणेल, जाऊ दे, मी घरीच येते, समोरासमोर बोलू. मी तिच्या खोलीतला पसारा उचलला. पलंगावरची चादर बदलली.

"ताणलं की तुटतं, बरं का," हे म्हणाले.

"कायद्याचं काम आहे."

"कायदा गेला खड्ड्यात. तुला ती हवीय."

हवीच होती. ओट्यावर चढून बसणारी, जाता-येता माझ्या ताटातलं उचलणारी, माझ्या फ्रेमला नावं ठेवणारी माझी पोर मला हवी होती, आणि ती जायच्या आधी हवी होती. पण हे लिहायचं कसं? एरवी मी कोणालाही चार गोष्टी सुनवीन, पण अशा वेळी माझी दातखीळ बसते. मी लिहिलं, "परवानगीची मुदत किती वर्षांची?"

याचं उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी थेट रील आली. सोबत एवढंच, "आई, आज पाठवायची शेवटची तारीख. तुझा शॉट काढलाय, त्यामुळे आता परवानगी नको. त्रास दिला, सॉरी."

मी रील पाहिली. सूतगिरणीच्या जागी कुठलासा पूल होता आणि त्यावरून सायकली चालल्या होत्या. जोड इतकी सफाईदार, की तिथे आधी दुसरं काही होतं असं कोणाच्या मनातही येऊ नये. काय हात बसलाय पोरीचा! अभिमान वाटला आणि रडूही कोसळलं.

मग मीही इरेला पेटले. म्हटलं, करेल फोन गरज असेल तर. आठवडाभर तशीच धुसफुसत राहिले आणि शेवटी मीच लावला.

"सही केलीय मी," हॅलोसुद्धा न म्हणता मी सुरू केलं. "कुठेही वापर, कितीही वापर. मुदतबिदत काही नाही."

तिच्या मागे कसल्याशा घोषणा चालू होत्या. "आई, मी विमानतळावर आहे. काल रात्री त्यांचा होकार आला, लगेच या म्हणाले. व्हिसा आधीच काढून ठेवला होता. पंधरा दिवस काम बघणार, मग कायमचं. आत गेल्यावर तुम्हाला फोन करणारच होते."

मी तिच्या खोलीत गेले आणि त्या बदललेल्या चादरीवर बसले.

"रील पाठवायच्या आदल्या रविवारी घरी येणार होते मी, सही घ्यायला," ती म्हणाली. "पण तू मुदत विचारलीस. वाटलं, तुला द्यायचीच नाहीये. मग तो रविवार दुसरा शॉट शोधण्यात गेला."

"अगं बये, तू यावंस म्हणूनच विचारत होते ते सगळं!"

ती अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "मग तसं लिहायचंस ना. एकदा तरी 'घरी ये' लिहायचंस. धावत आले असते."

"ये ना गं," मी म्हणाले.

"रांग पुढे सरकतेय, आई," ती म्हणाली. "ठेवते."