काकूंच्या गुडघ्यातून मी सांगत होतो

मित्रांनो, मी एक जुना, मधोमध फाटलेला सेन्सर आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. काचेच्या बरणीत पडून राग धरता येतो का, असं तुम्ही विचाराल. चांगला धरता येतो!

मी कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, मऊ पॉलिमरचा. माझा जन्म प्रयोगशाळेत झाला. तिथल्या इंजिनियर बाईंनी मला दाबयंत्राखाली किती चेपलं आणि कोमट मिठाच्या पाण्यात किती बुडवलं, ते विचारूच नका. दर वेळी मी भार बरोबर सांगितला. "गुणाचा आहे हो हा!" असं बाई म्हणाल्या तेव्हा मला धन्य वाटलं. मग कृत्रिम गुडघ्यातल्या प्लॅस्टिकच्या गादीत मला बसवलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूवर किती भार पडतो आणि बाहेरच्या बाजूवर किती, एवढं सांगणं हेच माझं काम.

तो गुडघा काकूंना बसवला. काकूंनी सारा जन्म लाँड्रीत उभं राहून इस्त्री केली होती. तपासणीच्या दिवशी पायाला बाहेरून मला वीज पुरवणारा पट्टा बांधला की मला जाग येई. तंत्रज्ञ त्यांना उंच पलंगावर बसवी, पाय मोकळा सोडायला सांगे, मग माझा आकडा शून्यावर आणी आणि नंतरच त्यांना उभं करी. डॉक्टर तर पाहुण्यांना बोलावून माझे आकडे दाखवत.

पुढे गर्दी वाढली. "पलंगावर चढण्या-उतरण्यात वेळ जातो. उभ्याच राहा काकू," असं म्हणून तंत्रज्ञ काकू उभ्या असतानाच शून्य लावू लागला. भाजीचं पोतं काट्यावर ठेवून मग काटा शून्यावर आणला, तर पोत्याचं वजन किती दिसेल? तसंच झालं. आतल्या बाजूवर भलताच भार पडत होता आणि पडद्यावर दोन्ही बाजू सारख्या!

"आतून दुखतंय हो," काकू कळवळून सांगत.

"सेन्सर खोटं बोलत नाही, काकू. दुखणं तुमच्या मनात आहे," डॉक्टर म्हणत.

माझ्या अंगाचा तिळपापड होई. मी खोटं बोलत नव्हतो, मला खोटं बोलायला लावलं होतं! मुलगाही आईवर चिडे. "आई, आकडे चांगले आहेत. तू चालायचा कंटाळा करतेस." मग काकू दात-ओठ आवळून चालत आणि प्रत्येक पावलाला माझ्याभोवतीची गादी झिजे. मला ते कळत होतं, पण पट्ट्याशिवाय मला वाचा नव्हती.

एकदा तपासणीच्या खोलीतच काकूंचा पाय लटपटला. नाइलाजाने त्यांना पलंगावर बसवावं लागलं आणि शून्य बसल्या जागी लागलं. मग आधार देऊन त्यांना उभं केलं, तेव्हा मी सगळं खरं ते ओरडून सांगितलं. तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. "मशीन बिघडलं वाटतं," तो पुटपुटला. त्याने पुन्हा मोजलं. आकडा तोच.

गुडघा पुन्हा उघडावा लागला. गादी एका बाजूने पार झिजली होती आणि तिच्याबरोबर मीही फाटलो होतो. डॉक्टर म्हणाले, "सेन्सरच टिकाऊ नव्हता." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! काकूंनी हट्ट करून मला मागून घेतलं. म्हणून मी बरणीतून त्यांच्या खाटेशेजारी आलो.

मुलगा भेटायला आला. "आई, मला काय माहीत? आकडेच तसे होते."

"मी तोंडाने सांगत होते रे," काकू म्हणाल्या. "आणि तू माझ्या गुडघ्याला विचारत बसलास."

मुलगा खाटेच्या कडेला टेकला.

मित्रांनो, यंत्र नीट वापरा, शून्य लावताना घाई करू नका, हे तर मी सांगेनच. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. घरातलं कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि कुठे दुखतंय ते विचारा. माझा नंबर त्यानंतर.