माझ्या पोटातलं शिसं

मी एक जुना पाच किलोचा लोखंडी ठोकळा आहे. मित्रांनो, तराजूच्या पारड्यात ठेवतात ना, तोच. इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि आमची सद्दी संपली, त्यामुळे तुम्ही मला फार तर दाराला टेकू म्हणून पाहिलं असेल. पाहिलं असलं तरी माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कोणावर ठेवत नाही.

का ठेवत नाही, ते सांगतो. मला ओतलं तेव्हा बुडाशी एक भोक ठेवलं होतं. त्यात शिसं भरून माझं वजन बरोबर पाच किलो केलं आणि वर सरकारी शिक्का मारला. काय छाती फुगली होती माझी! मग मी वडशाच्या एका तांदळाच्या दुकानात गेलो. पहिल्याच उन्हाळ्यात मालकाने मला उलटं केलं, शिसं कोरून काढलं आणि भोकावर मेण-काजळी थापली. दोनशे ग्रॅम गेले. धान घेताना पारड्यात दुसरे ठोकळे असत, तांदूळ विकताना मी. गिऱ्हाईक काट्याकडे टक लावून बघायचं, पण माझं बूड कोणी बघितलं नाही. वीस वर्षं मी तोंड न उघडता खोटं बोललो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

पुढे मी भंगारात गेलो. तिथून गडचिरोलीच्या जंगलातल्या इसरू नावाच्या म्हाताऱ्याने मला आणि माझ्या जोडीदाराला, म्हणजे पाच किलोच्याच दुसऱ्या ठोकळ्याला, घरी नेलं. इसरू बांबूकाम करायचा. वाकड्या कामट्या सरळ व्हाव्यात म्हणून त्यांच्यावर आम्हाला ठेवायचा. तोलायचं काही नाही, बोलायचं काही नाही. सुटलो बुवा, असं वाटलं.

कुठलं काय! डोंगरातल्या झऱ्याचं पाणी गावात आणायचं ठरलं आणि प्लास्टिकच्या पाइपाची काळी वेटोळी गोटुलासमोर येऊन पडली. गोटूल म्हणजे गावाच्या बैठकीचं घर. गावाची रीत अशी, की ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय कागदावर सही होत नाही. एकाने जरी 'नाही' म्हटलं तरी काम थांबतं.

पाइप विकणारे गुणवंतराव चंद्रपूरहून आले होते. पिशवीत चकचकीत नमुना, तोंडात साखर. त्यांनी वेटोळ्यातून एक रुंद पट्टी कापली आणि दोन तगड्या पोरांना म्हणाले, "ओढा रे, जोर लावून!" पोरांनी हिसके दिले, तोंडं लाल झाली, पट्टी काही तुटली नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांचे हात वर गेले. एक सोडून.

"काऊन वो बुधरीबाई?" गुणवंतरावांनी विचारलं.

बुधरीबाईने चाळीस वर्षं त्या झऱ्याचं पाणी डोक्यावर वाहिलं होतं. ती म्हणाली, "तुमी लय घाईनं ओढून दाखवलं, भाऊ. पाणी का एका झटक्यात जाते? ते तं रोज दाबत राह्यते."

लोक चिडले. उन्हाळा डोक्यावर आला अन् ही बाई आडवी येऊन राह्यली, असं कोणी तोंडावर म्हणालं. तेव्हा इसरू उठला.

"बरोबर बोलते ते. झटक्यात ओढलं तं कोणताई बांबू बरा वाटते. धनुष्याले दोर चढवून चार दिस टांगून ठेवा, मंग त्याचं खरं रूप दिसते. म्हणून तं आपण धनुष्य चढवून ठेवत नाई."

"आजा, माहा प्रोजेक्ट हाच हाये!" त्याची नात स्वाती जवळजवळ ओरडलीच. ती चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकत होती. तिने कॉलेजच्या मशीनवर चांगल्या पाइपाच्या पट्ट्या ओढल्या होत्या. एका मिनिटात, एका तासात, अख्खा दिवस लावून. हळू ओढलं की तेच प्लास्टिक कमी जोरात जास्त ताणलं जातं, हे तिने मोजलं होतं. त्यावरून तिने गणित बसवलं होतं, की वजन टांगलं तर चांगली पट्टी कितव्या दिवशी किती ताणली जाईल. पट्ट्या टांगून बघायचं ठरलं आणि सभा अकरा दिवस पुढे गेली.

स्वातीने काडीएवढ्या दोन पट्ट्या कापल्या. एक गुणवंतरावांच्या पिशवीतल्या नमुन्याची, दुसरी वेटोळ्यातली. दोन्ही आढ्याला बांधल्या. नमुन्याखाली माझा जोडीदार टांगला, वेटोळ्याच्या पट्टीखाली मी. मागच्या भिंतीवर तिने कोळशाने रेघा मारल्या, कोणत्या दिवशी कुठपर्यंत उतरायचं त्या.

मी मनातून हादरलो. गुणवंतरावांचा मला पहिल्यापासून संशय होता. पण मी दोनशे ग्रॅम कमी! पट्टी खोटी असली तरी माझ्यामुळे वाचणार. पुन्हा लबाडाचं फावणार, तेही माझ्याच पोटावर.

झालंही तसंच. जोडीदार रोज रेघेला रेघ लावून खाली उतरत होता. मी जागचा हललो नाही. पाचव्या दिवशी गुणवंतराव येऊन खो खो हसले. "पाहा, आमचा पाइप ताणतच नाई! माल म्हणजे माल!" लोक बुधरीबाईकडे बघून हसले. मला लाजेने गंजून जावंसं वाटलं.

स्वाती मात्र पट्टीकडे बघतच राहिली. "हेच मले पटत नाई. चांगलं प्लास्टिक ताण आला की थोडं सरकते. हे अडून बसलं हाये."

नवव्या दिवशी भर दुपारी टक् आवाज झाला आणि मी जमिनीवर आदळलो. पट्टी ताणली नव्हती, खडूसारखी कट्कन तुटली होती. तुटल्या जागी बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागली. प्लास्टिकमध्ये स्वस्त भुकटीची भरती मिसळली होती.

सभेत गुणवंतरावांचा आवाज चढला. "ठोकळा भंगारातला! जास्त वजनाचा असन!" त्यांनी मला उचलून उलटं केलं. काजळी निघाली. भोक उघडं पडलं. "हे पाहा! बुडाशी छेडछाड!"

मेलो, मी म्हटलं.

"मंग तोला ना," बुधरीबाई म्हणाली.

अंगणवाडीतला बाळं तोलायचा काटा आणला. आधी जोडीदार ठेवला. बरोबर पाच. मग मी. चार किलो आठशे.

मग इसरू मांडी थोपटत हसला. "भाऊ, हा तं कमी निघाला! कमी वजनातई तुमचा पाइप टिकला नाई!"

गुणवंतरावांनी वेटोळी मुकाट्याने गाडीत भरली. दुसरा पाइप यायला महिना लागला. तोवर बायांना उन्हात झऱ्यापर्यंत चढावं लागलं आणि बुधरीबाईने टोमणे खाल्ले. नव्या पाइपाची पट्टी स्वातीच्या रेघांप्रमाणे उतरली, तेव्हाच हात वर झाले. बुधरीबाईचा हात सर्वांत आधी. आज गोटुलासमोर नळ आहे.

स्वातीने माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, ४.८००. शिसं गेल्यापासून माझं खरं वजन पहिल्यांदाच माझ्या अंगावर आलं. मित्रांनो, मी रडलो असतो, पण लोखंडाला पाणी सोसत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. मला कामट्यांवर ठेवा, आढ्याला टांगा, दाराला टेकवा. जपलंत तर अजून पन्नास वर्षं राबेन. फक्त पारड्यात ठेवू नका. आणि माझ्यासारखा दुसरा कोणी पारड्यात बसलेला दिसला, तर आधी त्याला उलटा करून बघा.