फळीच्या भिंतीपलीकडची चौथी

शुक्रवारी शेवटच्या तासाला बाबा चौथीच्या वर्गातली बाकं सरळ रांगेत लावत होते. शेजारची पाचवी माझ्याकडे. मधे फळीची भिंत; तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं.

"बाई, एक टोक धरता का?" त्यांनी दारातून विचारलं. शाळेत आम्ही एकमेकांना सर-बाईच म्हणायचो.

"मुलं कुठायत?"

"मैदानावर. त्यांच्यासमोर कसं करू?"

वीस वर्षं त्यांच्या वर्गात रांगा नव्हत्या. सरसर वाचणारी मुलं खिडकीपाशी, अडखळणारी जमिनीवर शब्दांच्या पट्ट्या मांडत, आणि यंदाची भिंगरी कुठेही. पाच मिनिटं एका जागी टिकत नाही म्हणून बाबांनीच ठेवलेलं हे नाव. ती गुणगुणत, फिरत धडा ऐकायची आणि मग घडाघडा सांगायची. बसवली की एक ओळ आठवत नसे. वर्गात फार कल्ला झाला तर बाबा ओरडत नसत. जमिनीवर मांडी घालून बसत. सर दिसेनासे झाले की एकेक मूल गप्प होत जाई. पण त्याला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात माझ्या पाचवीचे अपूर्णांक वाया जायचे.

म्हणून मी चिठ्ठी लिहिली होती. 'चौथीत शिस्त नाही. एक मुलगी वर्गभर हिंडते, तिच्यामुळे बाकीच्यांचं नुकसान होतं.' खाली 'एक पालक'. रोज बाबांसमोर बसून जेवत होते, पण तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. चिठ्ठी मोठ्या बाईंच्या पेटीत टाकली. दोन दिवसांत हुकूम आला: बाकं रांगेत, भिंगरी मागच्या खोलीत.

"कोण असेल गं हा पालक?" बाक टेकवत बाबा म्हणाले. "समोर आला असता तर चहा पाजून समजावलं असतं."

मी पुढच्या बाकाचं टोक उचललं.

"भिंगरीचं सोमवारी बघतो. भांडतोच मोठ्या बाईंशी. आईला सांगू नकोस. म्हणेल, निवृत्तीला सहा महिने उरले आणि आता शिंगं फुटली!"

शनिवारी सकाळी दाढी करता करता ते पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले तेव्हा चौथी माझ्याकडे दिली होती. मुलं रांगेत, हाताची घडी घालून. मी फळ्याकडे वळले आणि मागून गुणगुणणं ऐकू आलं.

"खाली बस!" मी डस्टर टेबलावर आपटलं.

भिंगरी बसली. मी तिला वाचायला सांगितलं. तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. बोट हललं नाही.

"बाई, बसल्यावर तिचं डोकं बंद पडतं," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "सरांना माहीत होतं."

कोणी हसलं नाही.

तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. "सर गेले म्हणून मी इतके दिवस थांबले. चल गं, दप्तर घे. मागच्या खोलीत बसायचं."

"तिथे तिला शिकवणार कोण?" मी विचारलं.

"बघू काहीतरी. शिपाईमावशी असतात तिथे."

"राहू द्या इथेच. मी सांभाळते."

"मला का हौस आहे, बाई? लेखी तक्रार आहे पालकांची. उद्या तो पालक वर, शिक्षण खात्यात जाईल. तुमचे वडीलही त्या शुक्रवारी विचारून गेले, कोणी लिहिलं ते सांगा. नावच नाही, तर काय सांगू?"

म्हणजे सोमवारपर्यंत ते थांबले नव्हते.

भिंगरी दप्तराचा बंद लावत होती. तो लागत नव्हता. चौतीस मुलं माझ्याकडे बघत होती.

"ती चिठ्ठी पालकाची नाही," मी म्हणाले. मुलांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मी लिहिली. बाबांनी मला विचारलं तेव्हाही बोलले नाही. चूक हिची नव्हती, त्यांचीही नव्हती. मी लिहिली."