रंगवलेली झडप

दुपारी साडेतीन वाजता नदीने पुलाच्या खांबावरची पिवळी खूण ओलांडली आणि नाल्याच्या तोंडावरची नवी लोखंडी झडप बंद झाली नाही.

फिटरचा फोन आला तेव्हा नगरपालिकेची इंजिनिअर उशिराचा डबा उघडत होती. तो तसाच टाकून ती निघाली. झडप तिनेच कागदावर काढली होती, तिनेच बसवून घेतली होती. शिवाय खालच्या गल्लीत तिची मावशी राहत होती.

खालच्या गल्लीत नदी काठावरून कधीच आली नाही. ती नेहमी मागच्या दाराने यायची. एरवी गल्लीतलं पावसाचं पाणी नाल्यातून नदीत जाई, पण नदी चढली की तेच पाणी उलटं फिरून नाल्यातून घराघरात शिरे. म्हणून नाल्याच्या तोंडावर वरून टांगलेली झडप. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडणार, बाहेरचं तिला दाबून बंद करणार. पूर कमी करण्यासाठीच्या सरकारी अनुदानाचे दरवाजे नगरपालिकेने वर्षानुवर्षं ठोठावले, तेव्हा कुठे पहिल्या टप्प्यात ही झडप पदरात पडली. बंद झडपेमागे साठणारं पाणी उपसायला पंप लागणार होता. तो दुसऱ्या टप्प्यात, आणि तेही पाहणी पथकाला पहिलं काम पसंत पडलं तर.

पथक मागच्या आठवड्यात येऊन गेलं होतं. मुख्याधिकाऱ्यांचा आदल्या दिवशीचा हुकूम होता की सगळं कसं नवंकोरं दिसलं पाहिजे. पाहुण्यांना आत डोकावता यावं म्हणून झडप आकड्याने वर अडकवली, आणि रंगाऱ्याने तिच्यावर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. बिजागऱ्यांवर तर जरा सढळच. फोटो छान आले. आकडा काढायचा राहून गेला.

तो आकडा फिटरने आज आल्या आल्या काढला होता. तरी झडप होती तिथेच तिरकी लटकून राहिली. फिटरला सगळे पक्कड म्हणत, कारण हातातलं काम आणि तोंडातला वाद तो सोडत नसे. बिजागरीवर नख मारून त्याने तिला दाखवलं: वरून कडक, आत अजून चिकट. तो म्हणाला, "बाई, मी इथे थोडा वेळ उभा राहिलो असतो ना, तर त्यांनी मलाही रंगवून टाकलं असतं."

तिला हसू आलं नाही. झडपेच्या खालून नाल्यात पाणी शिरत होतं. त्यावर एक रिकामी बाटली होती, आणि ती गल्लीच्या दिशेने निघाली होती.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशी घरी शिवणकाम करायची. दर वर्षी पाणी यायच्या आत शेजाऱ्यांना हाका मारून मशीन टेबलावर चढवायची. यंदा मात्र भाचीच्या शब्दावर तिने ते जमिनीवरच ठेवलं होतं. लेकीकडे राहायला जायचा बेतही त्याच शब्दावर मोडला होता. तिने एवढंच विचारलं, "मशीन वर चढवू का गं?"

इंजिनिअरने खोटा धीर दिला नाही. "चढव."

मग मावशी म्हणाली, "मग तुझी ती झडप काय नुसती बघायला ठेवलीय?" आणि फोन ठेवला.

कठड्यावर दोघं पालथी पडली. एका बिजागरीवर पक्कड, दुसरीवर ती. तो छिन्नीने रंग खरवडत होता आणि तोंडाने रंगाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता; ती डिझेलचा बोळा फटीत दाबत होती. हिरव्या साली निघून पाण्यात पडत होत्या. मग पक्कडने पहार घातली. झडप कुरकुरली, बोटभर हलली, अडली. "बाई, माझ्याबरोबर जोर लावा, माझ्यानंतर नको," तो म्हणाला. दोघांनी एकदम भार टाकला. झडप खाली आली, चौकटीवर आदळली आणि नदीने तिला बाहेरून दाबून धरलं.

इंजिनिअरने आधी आत पाहिलं. बाटली बरीच पुढे गेली होती. ती मंदावली, स्वतःभोवती फिरली आणि थांबली.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने तिथूनच मावशीला फोन लावला. मावशीच्या दारात पाणी आलं नव्हतं. गल्लीच्या टोकाला घोटाभर चढून ते तिथेच उभं होतं. मशीन वर गेलं होतं, आणि उचलणाऱ्या दोघांना मावशीने चहा पाजला होता. "आता खाली घेतलंस तरी चालेल," भाची म्हणाली.

"तुझा रंग वाळू दे आधी," मावशी म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती. मग तिने हळूच विचारलं, "जेवलीस का?"

पक्कडने मुख्याधिकाऱ्यांना फोन करून झडप बंद झाल्याचं सांगितलं. त्यांनी समाधान व्यक्त केलं आणि खरवडलेल्या बिजागऱ्यांना लगेच रंग देऊन घ्यायला सांगितलं. पक्कड नुसताच हो म्हणाला आणि डिझेलचा डबा उचलून गाडीत ठेवला.

अंधार पडायच्या सुमारास पुन्हा पाऊस सुरू झाला. झडप घट्ट बंद होती. नदी उतरायला लागली नव्हती, झडपेमागचं पाणी हळूहळू वाढत होतं, आणि पंपाच्या मंजुरीबद्दल वरून काही कळलं नव्हतं. मावशीचा उंबरा कोरडा होता. मशीन टेबलावरच होतं.