विल्फच्या शेजारचं हसणं

कपाच्या काठावर अर्धा ओठ उरला होता. लालही नव्हे, नारिंगीही नव्हे, उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा. ओठावरच्या उभ्या सुरकुत्यासुद्धा त्यात उमटलेल्या. म्युरिएल गारसाइड तो गरम पाण्याखाली धरून अंगठ्याने घासत होती आणि तो जात नव्हता, नुसता पसरत होता. दुसऱ्या कुणाचा ओठ आपल्या अंगठ्याला... शी. कुठल्या म्हातारीचा हा? ह्या आठवड्यात सगळ्याच जणी तोंडं रंगवून येत होत्या, जणू पडद्यावरचे ते मेलेले नट खाली उतरून त्यांना हाताला धरून नाचायला नेणार होते.

चर्चच्या हॉलमध्ये सोमवारपासून जुन्या ब्रिटिश सिनेमांचा आणि टीव्हीवरच्या जुन्या कार्यक्रमांचा आठवडा चालला होता. मध्यंतराचा चहा म्युरिएलकडे होता. ते काम तिला कुणी दिलं नव्हतं. गावात कुणाचा बाप्तिस्मा असो की मयत, ह्या हॉलमधला चहा तिचाच. विल्फच्या मयताचा चहासुद्धा तिनेच केला होता, काळ्या झग्यावर एप्रन बांधून. सोमवारी पाणबुडीचा सिनेमा झाला, त्यात सगळे खलाशी एकमेकांचे आभार मानत मानत बुडाले आणि हॉलभर नाकं शिंकरली गेली. आणि मग ते उसासे – तेव्हा माणसं कशी होती, नाही! कशी होती? मला माहीत आहे कशी होती. आठवड्यातून एकदा आंघोळ करायची आणि स्वयंपाकघरात सिगारेटी विझवायची, बशीत, अंड्याच्या बलकात.

मंगळवारी मात्र ते हसणं आलं.

एक घरमालकीण आणि तिचे भाडेकरू यांची ती काळी-पांढरी विनोदी मालिका, स्टुडिओत प्रेक्षक बसवून केलेली. गंमत झाली की ते न दिसणारे प्रेक्षक हसत. म्युरिएल ट्रे घेऊन दाराशी उभी होती, पडद्याकडे तिची पाठच होती म्हणा ना. सगळे हसले, हसून थांबले आणि मग उशिराने, मागाहून, एकटं कुणीतरी हसलं. आधी घशात गुड-गुड-गुड, आणि मग एक लांबलचक आत ओढलेला श्वास, सिंकमधलं शेवटचं पाणी जाताना होतो तसा. ट्रेमधल्या बशा वाजल्या. विल्फ. मरून सहा वर्षं झालेला तिचा नवरा, डेअरीतला विल्फ गारसाइड, हॉलच्या दोन्ही भिंतींवरच्या कर्ण्यांतून हसत होता.

चूक होणं शक्य नव्हतं. ते हसणं तिने उभ्या संसारात इतकं क्वचित ऐकलं होतं की प्रत्येक वेळ आठवत होती. लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर मागे सरकत सरकत गुलाबाच्या ताटव्यात पडला तेव्हा. तिची आई खुर्चीवर ठेवलेल्या पुडिंगवर बसली तेव्हा. मग बंदच झालं ते. त्यानंतर विल्फकडे एकच वाक्य उरलं – ठीक आहे. मटणाचा पाय कसा झालाय? ठीक आहे. नवे पडदे? ठीक आहेत. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून ते सांगितलं, तेव्हासुद्धा हॅट गुडघ्यावर फिरवत तो म्हणाला, ठीक आहे.

आणि त्या हसण्याला चिकटून दुसरं एक हसणं होतं. बाईचं. बारीक, जिना चढत जाणारं आणि वरच्या पायरीवर उचकी लागून थांबणारं. दोघं एकदमच सुरू झाली होती. ओळखीची माणसं हसतात तशी, एकमेकांच्या अंगावर कलून.

बुधवारी इस्पितळातली मालिका लागली आणि एका म्हाताऱ्याच्या बेडपॅनवर ती दोघं पुन्हा हसली. तीच गुडगुड, तीच उचकी. संयोजक लॉफ्टहाउससाहेबांनी बो टाय सारखा करत माइकमध्ये थुंकी उडवत खुलासा केला होता, "त्या काळी, मंडळी, हसणंसुद्धा डब्यात भरून ठेवत! प्रेक्षक थंड निघाले की दुसऱ्या एखाद्या दिवसाचं चांगलं हसू काढायचं आणि वर ओतायचं. कस्टर्डसारखं!" मंडळी खूष झाली. म्युरिएलने मात्र तेव्हापासून कस्टर्डला हात लावला नव्हता. माझ्या टेबलाशी हा माणूस दुकान बंद केल्यासारखं तोंड करून बसायचा आणि त्याचं हसू परक्यांच्या बेडपॅनवर ओततायत... पिवळं, कोमट, साय धरलेलं.

आणि ती बाई कोण ते म्युरिएलला माहीत होतं. विल्फ जन्मात एकदाच स्टुडिओत गेला होता, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, डेअरीच्या लंडनच्या सहलीला. म्युरिएलही होती. बसमध्ये तिला मळमळलं, पिशवी सापडेना, आणि विल्फने काहीही न बोलता आपली हॅट पुढे धरली. नवी हॅट. ती त्यात ओकली. त्याने ती कोटाखाली घेतली, बस थांबली तेव्हा मुतारीमागच्या नळावर धुतली, पुढच्या सीटवरच्यांनाही पत्ता लागला नाही. संध्याकाळी सगळे स्टुडिओत कार्यक्रम बघायला निघाले, ती खोलीवर पडून राहिली, उशाशी तसराळं आणि समोर भिंतीवर कलेजीच्या तुकड्यांसारख्या तपकिरी फुलांचा वॉलपेपर. एके ठिकाणी दोन पट्ट्यांचा सांधा चुकला होता. फुलाचं डोकं एकीकडे, देठ भलतीकडे. डोळे मिटले तरी ते मुंडकं तुटलेलं फूल हलायचं. तिचं तिकीट वाया कशाला घालवायचं म्हणून पगार खात्यातल्या ऑड्री पिकल्सला दिलं. ऑड्री पिकल्स. कोळंबीच्या रंगाची लिपस्टिक लावायची. विल्फ परत आला तेव्हा ती म्हणाली, कसं झालं? विल्फ म्हणाला, ठीक आहे.

"अगं बये, तो कप आहे की जादूचा दिवा? आतून राक्षस निघाला तर माझ्या गुडघ्यांचं सांग त्याला."

बेरिल सग्डन. डेअरीत बाटल्या धुवायची, म्युरिएलची तेव्हापासूनची मैत्रीण, आणि खरं बोलायचं तिच्या जिवावर येई. तिचा पोपट म्हणे समुद्रावरच्या हवामानाच्या बातम्या वाऱ्याच्या दिशेसकट म्हणून दाखवायचा. तिच्या कानातल्या यंत्रात नॉर्वेच्या कोळ्यांचं बोलणं ऐकू यायचं, आणि मासळीचा भाव ती त्यावरून सांगायची, तो खरा निघायचा ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. अंड्याच्या सँडविचचा एक त्रिकोण तिने तोंडात कोंबला. बलक ओठाच्या कोपऱ्यात आला आणि तिथेच राहिला.

"पूस ते," म्युरिएल म्हणाली.

"राहू दे, नंतरला होईल. काय झालंय तुला? चार दिवस बघतेय, दूध नासल्यासारखं तोंड करून फिरतेयस."

विचारायचं नव्हतं. पण पाण्यात हात असले की माणूस बोलतं.

"बेरिल, त्या लंडनच्या सहलीत... स्टुडिओत विल्फच्या शेजारी कोण बसलं होतं?"

"कोण म्हणजे? तू."

"मी नव्हते. मी खोलीवर होते. माझ्या तिकिटावर ऑड्री गेली."

"ऑड्री? ऑड्री त्या संध्याकाळी आपल्या बसच्या ड्रायव्हरबरोबर... जाऊ दे, चर्च आहे. तू होतीस गं! हँडबॅगेत तसराळं घेऊन आली होतीस. हँडबॅग मिटेना तुझी. आणि हसलीस काय, मेले! तो आवाज भरणारा, कानाला डबडी लावलेला माणूस मान वळवून बघायला लागला."

"खोटं बोलतेस."

"खोटं तर मी नेहमीच बोलते. पण हँडबॅगेतलं तसराळं मला सुचलं असतं का, सांग?"

सुचलं असतं. पोपटाला वाऱ्याची दिशा सुचली ती हिलाच.

"ऐकलंय मी ते बाईचं हसणं मंगळवारी," म्युरिएल म्हणाली. "माझं नाही ते."

"मग तुझं कसं असतं? हसून दाखव, मी सांगते."

"असं कसं हसून दाखवू? काहीतरीच."

"का? विसरलीस?"

बेरिलने ते सहज म्हटलं आणि दुसरा त्रिकोण उचलून ती हॉलमध्ये निघूनही गेली. म्युरिएलने कप पाण्यात सोडला. चर्चच्या दाराशी ती रविवारी सगळ्यांना हसून दाखवायची, ते ओठांचं. पण आवाज असलेलं... शेवटचं कधी? पुडिंगच्या वेळी? तेव्हा तर ती आईचा झगा पुसत होती. घरात एकजण हसत नसला की दुसऱ्याला आपलं हसणं उघडं पडल्यासारखं वाटतं, न्हाणीघराचं दार उघडं राहावं तसं. मग तोही ते लोटून घेतो. त्याने आधी लोटलं. की मी?

आज शुक्रवार, शेवटचा दिवस, आणि लोकांच्या आग्रहावरून मंगळवारचाच तो भाग पुन्हा लावणार होते. म्युरिएल हात पुसून मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. ओल्या कोटांचा, पेपरमिंटचा आणि कवळी चिकटवायच्या डिंकाचा वास दाटून आला होता. लॉफ्टहाउस काहीतरी बोलून स्वतःच हसला. दिवे गेले. आज ती पडद्याकडे बघणार होती, त्या बाईचं हसणं नीट ऐकणार होती, आणि ते ऑड्रीचंच ठरलं तर घरी जाऊन विल्फचा दिवाणखान्यातला फोटो... काय करणार होती? भिंतीकडे फिरवणार होती? मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं हे कुणी शिकवलेलं नसतं.

पडद्यावर भाडेकरू जेवायला बसलेला आहे. मालकीणबाईचा रस्सा त्याला खाववत नाही. तो इकडे बघतो, तिकडे बघतो आणि पातेल्यातला सगळा रस्सा आपल्या हॅटमध्ये ओततो. पाऊल वाजतं. तो घाईने हॅट डोक्यावर घालतो. मालकीण आत येते, आणि कानामागून रस्सा ओघळत असताना तो हवापाण्याच्या गोष्टी करत राहतो.

सगळे हसले. स्टुडिओतले मेलेले आणि हॉलमधले अजून न मेलेले. हसून थांबले.

आणि मग, उशिराने, गुड-गुड-गुड.

हॅट. मंगळवारी तिला नुसतं ऐकू आलं होतं, कशावर ते दिसलं नव्हतं. सगळ्यांची गंमत संपल्यावर त्याची गंमत सुरू झाली होती, कारण तीच हॅट, अजून दमट, तेव्हा त्याच्या मांडीवर असणार. हॅटचं त्या बसमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. फक्त त्याला आणि मला. आणि आता त्याच्या शेजारी ती बाई जिना चढत होती, वर, वर, उचकी... तिला माहीत होतं. ती हॅटवर हसत होती. म्हणजे त्याने तिला सांगितलं. त्या कोळंबीच्या रंगाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सांगितलं, सकाळी माझी बायको ह्यात ओकली. माझी घाण त्याने नळावर धुतली आणि मग तिच्या ओंजळीत घातली. इतकं किळसवाणं त्याने आयुष्यात दुसरं काही केलं नसेल, बाई ठेवली असती तर परवडलं असतं...

किंवा.

कॅमेरा मालकीणबाईच्या मागे गेला होता. भिंतीवर मोठाल्या फुलांचा वॉलपेपर होता. फुलं करडी होती, ह्या सिनेमांत सगळंच करडं असतं. पण दाराच्या वर दोन पट्ट्यांचा सांधा चुकला होता. फुलाचं डोकं एकीकडे, देठ भलतीकडे.

म्युरिएल बघत राहिली. करड्या फुलाला तिच्या डोळ्यांदेखत तपकिरी रंग चढला, कलेजीच्या तुकड्यासारखा. खोलीवर पडून बघितलं होतं मी ते. खालून वर. पलंगावरून खालून वरच दिसतं... आणि खुर्चीत बसून, लोकांच्या डोक्यांवरून, दिव्यांच्या झोतात? तेही खालूनच. की मंगळवारी डोळ्याच्या कोपऱ्यातून हे फूल आत शिरलं आणि चार दिवसांत जुन्या खोलीच्या भिंतीवर जाऊन चिकटलं? त्या खोलीत दुसरं काय होतं? खिडकी होती का? तिला खिडकी आठवेना. पलंग आठवेना. तसराळं आठवत होतं, पत्र्याचं, गार, मांडीवर. उशाशी नव्हे. मांडीवर.

नावं सरकायला लागली. लोक पडद्याला टाळ्या वाजवायला लागले, पडद्याला. बेरिल पुढच्या रांगेतून वळून हात हलवत होती, ओठाच्या कोपऱ्यात बलक तसाच. म्युरिएल स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं.

सिंकमधलं पाणी गार झालं होतं, वर चहाचा तवंग, भिजलेल्या बिस्किटाचा चिखल. कोळंबी-रंगाचा ओठ कपावरून निघून आता पाण्यावर तरंगत होता. तिने बाही सारली, हात त्या घाणीत घातला, बोटांनी तळ चाचपला आणि बूच ओढलं. पाणी एकदम गेलं नाही. थांबलं, फिरलं, खाली बसलं. मग गुड-गुड-गुड आणि शेवटचा तो लांब, आत ओढलेला श्वास.

ती ऐकत राहिली. आता ती बाई हसेल म्हणून थांबली.

पलीकडे खुर्च्या सरकत होत्या. स्वयंपाकघरात दुसरं कुणीच नव्हतं. आणि पोटातून काहीतरी वर यायला लागलं, पायरी पायरीने, बसमध्ये आलं होतं तसंच, छातीपर्यंत, घशापर्यंत... तिने ओला हात तोंडावर दाबला. चहाचा, अंड्याचा, परक्या ओठांचा वास. ओकारी आहे ही. ओकारीच असणार.

पण पुढे हॅट धरायला कुणी नव्हतं. आणि म्युरिएलने हळूच तोंडावरचा हात काढला.