अंजूबाईच्या अंगणातली चूल

"गुरुजी, तुमच्या अंजूबाईनं चूल पेटवलीया," धुरपदाबाई दारातूनच म्हणाली. "काल बाप मेलाय, आन् आज पातेलं चढलंय. या, बघा तरी."

मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावरचा साबण पुसत बाहेर आलो. धुरपदाबाईच्या अंगणात, तिनेच भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांसमोर, तीन दगडांच्या चुलीतून धूर निघत होता.

बातमी खरी होती. आदल्या संध्याकाळी फोन माझ्याच घरी आला होता. नव्व्याण्णव साली भांडगावात आमच्या आळीत तो एकच फोन. कोरियाहून अंजूबाईचा भाऊ बोलत होता. तिने ऐकून घेतलं, रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला, मला वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. काय झालं ते तिच्या सात वर्षांच्या मुलीने, हानाने सांगितलं.

"आईचं आबा वारलं. परवा माती हाय. आमी न्हाई पोचणार."

अंजूबाईचं खरं नाव युन्जू. गावाने तिची अंजू केली आणि तिच्या नवऱ्याचं, पार्क पास्टरचं, पारखे करून टाकलं. तीन वर्षांपूर्वी हे कुटुंब मिशनचं काम करायला इथे आलं. तो दौंडला रेल्वे लाइनीजवळच्या लहानशा चर्चमध्ये उपासना चालवायचा आणि गावोगावच्या चार-दोन ख्रिस्ती घरांना भेटी द्यायचा. त्या दिवशीही तो लांब कवठे येमाईला गेला होता. सोमवारी येणार होता. ती घर बघायची, हानाला जिल्हा परिषदेच्या शाळेत सोडायची, माझ्याकडे येऊन रोज दहा नवे मराठी शब्द शिकायची आणि रविवारी अंगणात आळीतली वीस-बावीस मुलं जमवायची. आधी नखं, मग गाणी आणि येशूची एखादी गोष्ट, मग खिचडी.

सुरुवातीला गावात कुजबुज झालीच. पोरं बाटवायला आलेत म्हणाले. मीही तीन रविवार कुंपणाशी उभा राहून ऐकलं. ती एकेका मुलाचा हात आपल्या मांडीवर घेऊन नखं कापत होती. तीस वर्षं शाळेत मी मुलांची नखं तपासली, छड्याही मारल्या. कापली मात्र कधी नाहीत. चौथ्या रविवारी मीच आळीतल्या बायकांना म्हणालो, पोरं खुशाल पाठवा.

म्हणूनच धुरपदाबाई आज माझ्या दारात उभी होती.

"तुमच्या शब्दावर पोरं धाडली आमी," ती म्हणाली. "जिला बापाचं दुख न्हाई, ती दुसऱ्याच्या पोरांस्नी काय माया लावणार? आज माझी नात प्रगती न्हाई यायची. आन् समद्या बायांस्नी सांगून आलीया म्या."

"आधी तिला विचारू तरी."

"काय इचारायचं?" तिने पदर बाजूला केला. काखेत फडक्यात बांधलेली भाकरी होती, हातात पिठल्याचा डबा. "पहाटं उठून केलंय. हितं तिला माहेर न्हाई, म्हणून म्हणलं कडू घास आपुन द्यावा. आन् जाऊन बघती तर बाई कांदा चिरतीया."

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना बळेच एक घास भरवतात. तोच कडू घास. तो नेणाऱ्याला त्या घरी चूल पेटलेली दिसावी, याहून मोठा अपमान नाही. धुरपदाबाई रागावली होती, पण त्याहून जास्त दुखावली होती.

"तुमी मास्तर हाय," ती म्हणाली. "तुमीच इचारा."

मी गेलो. अंजूबाई पातेल्यात मोठी पळी फिरवत होती. केसांत पांढऱ्या कापडाची छोटी गाठ टाचलेली, त्यांच्याकडची दुखवट्याची खूण असावी. डोळे सुजलेले, पण कोरडे. रस्सा लालभडक होता: बटाटे, कोबी, कांदा आणि भरपूर मिरची. शेजारी पाटांवर ताटल्या धुऊन मांडल्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण नेहमीपेक्षा जास्त होत्या.

मी समोरच्या दगडावर बसलो आणि लहान मुलाला समजवावं तसं सगळं समजावलं. चूल, शेजारी, कडू घास. ती पळी थांबवून ऐकत राहिली.

"मी चूक केली?" तिने विचारलं.

"चूक नाही. पण आज खिचडीचा रविवार राहू द्यायचा होता."

"ही खिचडी नाही, गुरुजी." ती शब्द जुळवत सावकाश बोलू लागली. "आमच्याकडे ज्याच्या घरी माणूस जातं, ते घर जेवण करतं. तीन दिवस. जो भेटायला येतो, त्याला हा रस्सा वाढायचा. तो खातो, म्हणजे वडिलांना निरोप देतो. तिकडे घरी आज माझे भाऊ वाढत असतील." ती थांबली. "मी इथे आहे. इथे माझ्याकडे कोण येणार? मुलं येतात. म्हणून मुलांना."

दहा वाजून गेले होते. एकही मूल आलं नव्हतं. ती मात्र दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होती आणि विस्तव मंद करत होती.

मी परत आलो. धुरपदाबाई माझ्याच ओट्यावर बसून होती. सगळं सांगितलं.

"मंजी दुखवट्याचं घरच लोकांस्नी वाढतं?"

"हो."

"आन् कुणी गेलंच न्हाई तर?"

"तर तिच्या बापाला इथून निरोप नाही."

ती बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "सुतकाच्या घरी खात न्हाईत, गुरुजी."

"नाही खात."

"पर ते सुतक आपलं. तिच्यात न्हाई तसं." ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. "प्रगते, ए प्रगते! जा, समद्यांस्नी बोलीव. म्हणावं आजी बोलावतीया, अंजूबाईकडं. आन् त्यांच्या आयांस्नी बी आण."

अर्ध्या तासात अंगण भरलं. धुरपदाबाई आधी अंजूबाईसमोर बसली, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला. "खा गं माय." अंजूबाईने तोंड उघडलं. घास काही केल्या गिळला जाईना. धुरपदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मग आदल्या संध्याकाळपासून थोपवलेलं सगळं बाहेर आलं. हाना आईला बिलगली.

मग धुरपदाबाईने स्वतः एक ताटली पुढे ओढली. "वाढ आता. किती तिखट करून ठेवलंय, बघू."

सगळे जेवले. जेवता जेवता धुरपदाबाईने विचारलं, "नाव काय व्हतं गं तुझ्या बापाचं?"

तीन वर्षांत मी तिला हजारो शब्द शिकवले होते. हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आमच्यात वडिलांचं नाव एकदम घेत नाहीत," अंजूबाई म्हणाली. "मान म्हणून. एक एक अक्षर सुटं सांगतात."

"आमच्यात बी मालकाचं नाव घेत न्हाईत. सांग तू सुटं."

"दोक्," ती म्हणाली. थांबली. "सू."

बायकांनी म्हणून पाहिलं. मुलांनी म्हटलं, मीही म्हटलं. प्रगतीने घाईत दोन्ही जोडून टाकलं, तशी धुरपदाबाईने तिच्या गुडघ्यावर हलकी चापट मारली.

"दमानं," ती म्हणाली. "सुटं म्हण."